फ्लॅटमधली एरियल

रायपूरच्या फ्लॅटमधून शॉर्टवेव्ह ऐकताना खरा शत्रू अंतर नव्हे, घरातली खरखर: एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. रेडिओ बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर दोष आपल्याच घरात.

फौजेत आम्ही झाडावर वायर फेकायचो. इथं सोसायटी गच्चीत खिळा ठोकू देत नाही. 31 मीटर बँडला पाव तरंगलांबीची वायर सुमारे साडेसात मीटर. बाल्कनीत मावणार कशी? आणि ती शेजाऱ्यांची खरखरही गोळा करते. म्हणून माझं मत मीटरभर व्यासाच्या, अॅम्प्लिफायरवाल्या लूपला. स्लॅबमधल्या सळ्यांपासून लांब, कठड्याजवळ ठेवा, हळूहळू फिरवा. खरखर बसली की थांबा. पावसाळ्यात मात्र ढग गडगडण्याआधीच रेडिओपासून सोडवा. तेवढा हट्ट माझा.