नोकरी बदलताना घराचं कर्ज

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं द्या.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, बँकेनं पैसे अडवले." आवाज रडवेला. आमचे नंदावे शिरवळच्या एका कारखान्यात 7 वर्षं कायम होते. चाकणला जास्त पगाराची नोकरी मिळायच्या बेतात होती, म्हणून तिकडं फ्लॅट बघितला. शिरवळच्या पगारावर कर्ज मंजूर करून घेतलं, बिल्डरला 1 लाख बयाणा दिला आणि पैसे सुटायच्या आधीच राजीनामा दिला. मंजुरीचं पत्र हातात आहे, आता कसली भीती, असं त्यांना वाटलं.

पण मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. पैसे सोडायच्या आधी बँक पुन्हा चौकशी करू शकते. जुन्या कंपनीत फोन गेला, तर "ते इथं नाहीत" असं उत्तर मिळालं. नव्या ठिकाणी 6 महिने प्रोबेशन. बँक म्हणाली, नवे कागद आणा, मग बघू. बिल्डर थांबेना. बयाण्यातले 25 हजार कापले गेले, आणि त्या बयाण्यात नणंदेनं गटातून उचललेले 20 हजार होते! नंदाव्यांना बँकेचा राग आला. मला विचाराल तर राजीनाम्याआधी बँकेत जाऊन विचारायला हवं होतं. त्याच कामातली नोकरी असेल, मधे खंड नसेल, तर काही बँका नेमणुकीच्या पत्रावरही विचार करतात. नाहीतर मग भाड्यानं राहावं, कायम झाल्याचं पत्र आणि नव्या पगाराच्या निदान 3 पावत्या हातात आल्या की अर्ज करावा. या दोघांनी शेवटी तेच केलं.

गाव सोडताना आणखी एक राहून जातं. इथं घेतलेल्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाचे शेवटचे दोन-तीन हप्ते. "आता कोण येतंय चाकणला वसुलीला," असं हसत म्हणणाऱ्या बाया मी बघितल्यात. वसुलीला कुणी येवो न येवो, थकबाकी सिबिलमध्ये दिसते. तो आकडा 300 ते 900 मधला असतो, आणि आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट बघता येतो. अर्ज करायच्या आधी बघा. नवऱ्याबरोबर तुमचीही सही लागणार असेल तर तुमचाही आकडा बघतात.

आता सहीचंच बोलते. पहिल्या वेळी नणंदेनं सहकर्जदार म्हणून 15-20 ठिकाणी सह्या केल्या होत्या. फ्लॅटच्या करारनाम्यात मात्र तिचं नावच नव्हतं! म्हणजे हप्ते थकले तर बँक तिला विचारणार, आणि घर तिचं नाही. सहकर्जदार झाली म्हणून बाई मालक होत नाही. मालकी करारनाम्यातल्या नावानं ठरते. दुसऱ्या वेळी ती अडून बसली. "नाव घाला, मग सही." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नाव लागलं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, हे तिला उशिरा कळलं. तिचं घर दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे ती मिळाली नाही.

ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी येत्या बैठकीला करारनाम्याची झेरॉक्स घेऊन या. कुणाचं नाव कुठं आहे, एकत्र बसून वाचू.