चला, गाड्या काढू या!

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



जानेवारीत आपण सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन पाचगणी-महाबळेश्वरला जायचं, असं ग्रुपवर ठरलं. ठरवणारे बरेच होते. आखणी कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा मात्र "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग तूच कर" म्हणून काम माझ्याकडे आलं. मी आनंदाने घेतलं. आज त्या आखणीचा हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे आणि शेवटी एक मागणी करायची आहे. पंधरा मिनिटं मिळाली आहेत, घंटा व्हायच्या आत संपवते.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे एवढी बारीक आखणी कशाला ते कळेल. दहा वर्षांपूर्वीच्या मेळाव्याचा फोटो आज प्रवेशद्वारापाशी लावला आहे. त्यात पहिल्या रांगेत आठ शिक्षक बसलेत. आज पाच आले आहेत. तिघं आता आपल्यात नाहीत. त्या वेळीही आपण "सरांना आणि बाईंना घेऊन एकदा कुठेतरी जाऊ या" म्हणालो होतो. नववीत त्यांनी आपल्याला एसटीने प्रतापगडला नेलं, प्रत्येकाला मोजून चढवलं आणि मोजून उतरवलं. त्याची परतफेड राहिलीच. म्हणून ही सहल पुढे ढकलायची नाही आणि घाईघाईतही उरकायची नाही.

आता रस्ता. पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. खंबाटकी ओलांडायचा, सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, मग वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि तिथून पुढे एकोणीस-वीस किलोमीटरवर महाबळेश्वर. मोबाइलवरचा नकाशा तीन-साडेतीन तास दाखवतो. मी पाचगणीपर्यंतच पाच तास धरलेत. सपाटीला किलोमीटर मोजतात, घाटात वेळ मोजावा लागतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी १,३००च्या आसपास. म्हणजे जेमतेम बारा किलोमीटरमध्ये आपण सहाशे मीटर वर चढतो. त्यात समोरून एसटी आली, पुढे उसाचा ट्रॅक्टर असला, की तो जाईल त्याच वेगाने आपण जाणार. शिवाय गाडीत ऐंशीच्या घरातली माणसं असली की दीड तासाने थांबायलाच हवं. स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी बघून ठेवणं टेबललँडवर घोडे किती वाजेपर्यंत असतात यापेक्षा महत्त्वाचं. मी ते बघून आले आहे.

कशी आले? मागच्या डिसेंबरात आईला घेऊन गेले होते. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तिने गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. वय शहात्तर, दोन्ही गुडघे दुखतात. मी म्हटलं, "आई, महाबळेश्वरला जाऊ या." तिने विचारलं, "चालवणार कोण?" म्हटलं, "मी." "आणि बरोबर कोण?" "तू." पसरणी घाट संपेपर्यंत तिने दारावरची मूठ सोडली नाही. पाचगणीत चहा घेतला. दुसऱ्या दिवशी भिलारला निघालो तेव्हा तिच्या हातात मूठ नव्हती, स्ट्रॉबेरीचा द्रोण होता. तिच्याबरोबर केलेल्या त्या तीन दिवसांतून ही आखणी तयार झाली आहे. तिला जे झेपलं ते आपल्या सर-बाईंना झेपेल आणि ज्या पायऱ्यांपुढे ती थांबली त्या आपण यादीतून आधीच काढल्या आहेत.

माझ्या कामात एक पद्धत आहे. कितीही मोठी यंत्रणा उभी करा, तिच्यावरचा भार ठरवताना तिच्यातला सगळ्यात नाजूक भाग पाहावा लागतो. तो तगला तर बाकी सगळं तगतं. सहलीचंही तसंच आहे. आपल्यातले ट्रेकिंग करणारे दिवसात बारा पॉइंट पाहतील. पण दिवसाची लांबी ठरवायची ती आपल्या भूगोलाच्या सरांच्या गुडघ्यावरून. म्हणून काय बघायचं याच्या आधी मी काय सोडायचं ते ठरवलं.

मुक्काम बदलायचा नाही. दोन्ही रात्री पाचगणीतच, तळमजल्याच्या खोल्यांत. पहिल्या दिवशी दुपारी जेवण, विश्रांती आणि उन्हं कलल्यावर टेबललँड. सर, तिथल्या जांभ्याच्या पठाराबद्दल तुम्ही फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं: खाली काळा बेसाल्ट, वर तांबडी टोपी. या वेळी प्रत्यक्ष टोपीवर उभं राहून सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी भिलार. ४ मे २०१७ला हे पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घराघरांत मराठी पुस्तकं मांडून ठेवलेली आहेत, कुणीही बसून वाचावीत. मराठीच्या बाईंना तिथून बाहेर काढणं अवघड जाणार आहे, म्हणून तिथे अडीच तास ठेवलेत. दुपारनंतर क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री इथून पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्रात मिळते आणि कृष्णा पूर्वेकडे सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना! आपली तुकडीही अशीच एका वर्गातून निघून चारी दिशांना गेली. असो, हा विषय भूगोलाच्या सरांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून परत. अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या घरी.

आता सोडलेल्या गोष्टी. तापोळा सोडलं. सूर्यास्ताचा बॉम्बे पॉइंट सोडला, कारण जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि नंतर शेकडो गाड्या एकदम अंधारात परत फिरतात. रात्री घाटात गाडी चालवायची नाही, हा आपला पहिला नियम. पोलादपूरला उतरून कोकणातून परत यायची सूचना होती, तीही मी सोडली. महाबळेश्वरहून पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर आणि तेवढ्यात बाराशे मीटरहून जास्त उतार. हा आंबेनळी घाट. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस तिथे दरीत कोसळली आणि अनेक माणसं गेली. तीही सहकाऱ्यांची सहलच होती. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत तर दरडी कोसळून हा रस्ता बरेच दिवस बंद पडला. आपण जानेवारीत जाणार आहोत, तेव्हा रस्ता कोरडा असेल, हे मला माहीत आहे. प्रतापगडाला जायचं तर याच घाटाने काही अंतर उतरावं लागतं आणि गडावर चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. म्हणून प्रतापगड ऐच्छिक ठेवला आहे, प्रश्नपत्रिकेत असायचा तसा. ज्यांना जायचंय त्यांच्या दोन गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघतील आणि जेवायला परत येतील.

गाडी चालवण्याबद्दल चार गोष्टी. सगळ्यांना माहीत असतात, घाटात आठवत नाहीत.

एक. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची. ज्या गिअरमध्ये चढण चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक दाबूनही धरत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आपल्यात दोघं आहेत, त्यांची नावं मी घेत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कुठे आहे, हे घरून निघण्याआधी बघून ठेवा.

दोन. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. वळणावर हॉर्न, आणि वळणावर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही.

तीन. गाड्यांची आगगाडी करायची नाही. पुढची गाडी दिसेनाशी झाली की मागचा जोरात हाणतो, सगळा घोळ तिथे होतो. आपण फक्त थांबे ठरवू: सुरूर फाटा, वाईचा गणपती घाट आणि पाचगणी. मधे कुणी कुणाला शोधायचं नाही. घाटात फोन लागेलच असं नाही, म्हणून नकाशा आधी मोबाइलमध्ये उतरवून ठेवायचा. शिवाय प्रत्येक गाडीत मी एक छापील कागद देणार आहे.

चार. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसायचं, पोट हलकं ठेवायचं आणि नजर दूर रस्त्यावर. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. त्या गोळीने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने ती घ्यायची नाही.

मुंबईचे जे मित्र इथे येऊन भाड्याची गाडी घेणार आहेत त्यांनी नंबरप्लेट बघून घ्यावी. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्यावरून वाद होईल. विमा, पीयूसी, स्टेपनीतली हवा आणि जॅक हे आदल्या दिवशी तपासायचं. आणि तारीख मी मुद्दाम मंगळवार ते गुरुवार धरली आहे. शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत तासभर बसण्यापेक्षा तीन दिवस रजा टाकलेली बरी.

आता मागणी. गणिताच्या बाई, हे उदाहरण तुम्ही तपासा.

आपण एकूण ३१ जण, पाच शिक्षक आणि सव्वीस विद्यार्थी. एका गाडीत चार जण धरले तर आठ गाड्या. प्रत्येक गाडीत घाटात चालवू शकणारे दोघं हवेत, कारण एकाला चक्कर आली, थकवा आला, तर दुसऱ्याने बसायचं. हा नियम मी सोडणार नाही. म्हणजे चालवणारे सोळा हवेत. "घाटात चालवेन" असं अकरा मुलांनी कळवलं. मुलींमध्ये परवाना नऊ जणींकडे आहे आणि "घाटात चालवेन" म्हणणाऱ्या आम्ही दोघी. अकरा आणि दोन तेरा. तेरा जणांत सहाच गाड्या निघतात, चोवीस माणसं बसतात आणि सात मागे राहतात.

मी उरलेल्या सात जणींना एकेकीला फोन केला. सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखं होतं: "गावात चालवते गं, घाटात हेच चालवतात." यातली एक भूलतज्ज्ञ आहे. रोज दुसऱ्याचा श्वास सांभाळते. एक बँकेची शाखा चालवते. एक रोज चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन शिकवते. यांना स्टेअरिंग जमत नाही, असं कोण म्हणेल? घाटात चालवायची वेळ त्यांच्यावर कधी कुणी येऊच दिली नाही, एवढंच. परवाना पर्समध्ये आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी वीस वर्षं गेली. आईने मला "चालवणार कोण?" विचारलं ते याच सवयीने.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढचे चार रविवार सकाळी साडेसहाला मी कात्रजच्या जुन्या घाटाच्या पायथ्याशी गाडी घेऊन उभी असेन. त्या वेळी रहदारी कमी असते. ज्यांना यायचंय त्यांनी आपापली गाडी स्वतः चालवत यावं, कारण सराव आपल्याच गाडीवर व्हायला हवा. मी शेजारी बसेन. चढताना एकदा, उतरताना एकदा आणि मध्येच चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुन्हा उचलणं. बोगद्यापाशी चहा. मला सातांपैकी तिघीच हव्यात. सात आल्या तर उत्तम, मुलांना मागे बसून झोपता येईल.

आणि चार रविवारांनंतरही सोळा भरले नाहीत तर? तेही आज ठरवून टाकू. मग गाड्या काढायच्या नाहीत, जाणत्या चालकासह बस करायची आणि सर-बाईंना घेऊन जायचंच. सहल रद्द होणार नाही. पण मला गाड्याच हव्या आहेत. बाईंच्या शेजारी बसून, त्या म्हणतील तिथे थांबत, त्यांच्या एका तरी विद्यार्थिनीने त्यांना तो घाट चढवावा, असं मला फार वाटतं. शाळेत आमच्याकडून न घाबरता फळ्यावर गणितं सोडवून घेणाऱ्या त्याच होत्या.

चहाच्या टेबलापाशी दोन कागद ठेवले आहेत. एकावर सहलीला येणाऱ्यांनी नावं लिहायची, औषधं आणि पथ्यं शेजारच्या रकान्यात. दुसरा कागद रविवारचा. त्यावर पहिलं नाव आत्ताच, माझं भाषण चालू असताना आलेलं मला इथून दिसलं. कुणाचं ते सांगत नाही. आता दोनच हव्यात.

घंटा होण्याआधी संपवलं आहे.