शुक्रवारची सुटी, रविवारचा सण

आम्ही संघटनेची माणसे. सण आम्हांला सुटीवरून कळायचा. अकोल्याच्या जिनातल्या ख्रिस्ती सोबत्यांसाठी 'गुड फ्रायडे'ची सुटी आम्ही भांडून घेतली. ईस्टर मात्र मागण्यांत नव्हताच. इ. स. ३२५ च्या निकियाच्या धर्मसभेने तो रविवारीच ठरविला. मग मागायचे काय! एक सोबती म्हणाला, "भाऊ, शुक्रवारी सुताराच्या पोराला सत्तेने क्रुसावर दिले. गोष्ट तिथेच संपती, तर आमची श्रद्धा फोल. रविवारी पहाटे कबर रिकामी दिसली, तीही आधी बायांना. ज्यांची साक्ष तेव्हा फारशी कोणी धरीत नसे. तो आमचा सण."

मेलेला उठतो, हे आम्हांला आजही पटत नाही. पण हुतात्म्यांच्या तसबिरींना हार घालून घरी जाणारे आम्ही, त्या ईस्टरला पहाटेच चर्चच्या मागल्या बाकावर जाऊन बसलो.