शेतकरी स्त्रीचे आरोग्य : किशोरवयापासून वार्धक्यापर्यंत

(जालना जिल्ह्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोसंबीला ताण किती द्यावा, हे जालना जिल्ह्यातील बागायतदाराला मी सांगायला नको. जमीन पाहून द्यायचा, झाडाचे वय पाहून द्यायचा आणि ताण तोडला की खत-पाण्यात हयगय करायची नाही. घरातल्या बाईला मात्र बाराही महिने ताण असतो आणि तो तोडायचा केव्हा, हे कोणी ठरवलेले नसते. आज त्याविषयी बोलायचे आहे. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. बरेचसे बोलणे त्यांच्याशीच आहे.

मुलीपासून सुरुवात करू. पाळी सुरू झाली की दर महिन्याला रक्त जाते आणि त्याच वयात अंगही भरत असते. लोहाची गरज वाढते, ताटातले वाढण मात्र तेवढेच राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजावा. अशी मुलगी लवकर दमते, तिला धाप लागते, अभ्यासात तिचे लक्ष लागत नाही. आपण तिला आळशी म्हणतो. रोज तोच शब्द कानावर पडला की तीही स्वतःला आळशीच समजू लागते.

उपाय बराचसा आपल्या शेतातच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या एएचबी १२०० या बाजरीच्या संकरित वाणात किलोमागे ७३ मिलिग्रॅम, तर एएचबी १२६९ मध्ये ९१ मिलिग्रॅम लोह आहे. नेहमीच्या वाणांत ते ४५ ते ५० असते. ही बाजरी जेमतेम ऐंशी दिवसांत येते. घरच्या खाण्यापुरती तरी जरूर पेरावी. धान्यातले लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून भाकरीबरोबर लिंबू पिळावे किंवा जेवणालगत मोसंबी खावी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बागायतदाराच्या घरची मुलगी ती कितीदा खाते? व्यापारी बाजूला काढतो ती बारीक फळे तरी घरी राहू द्या. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह शोषले जात नाही. निदान तासभर थांबावे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलीने घ्यावी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून ती बंद करू नये.

आता लग्नानंतरचा काळ. इथे मला जरा थांबून बोलायचे आहे. आपल्या जिल्ह्यातूनही अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात. फडात ना पाणी, ना आडोसा. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. मग कोणीतरी सांगते, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखर करावीच लागते, हे खरे. पण पांढरे जाण्याची तक्रार बहुतेक वेळा औषधाने बरी होते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर शरीराला मिळणारे संप्रेरक एकाएकी थांबते आणि तिशीतल्या बाईची हाडे म्हातारीसारखी ठिसूळ होऊ लागतात. शिवाय शस्त्रक्रियेसाठी उचल घ्यावी लागते ती वेगळीच, आणि ती फेडायला पुन्हा फडावरच जावे लागते. म्हणून कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर तीन गोष्टी विचाराव्यात : आधी औषध देऊन पाहिले का, गर्भमुखाची तपासणी झाली का आणि अंडाशय ठेवणार का. त्यानंतर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि मगच होकार द्यावा.

मला अधिक खटकते ते बायकांचे स्वतःचे बोलणे. "लेकरं झाली, पिशवीचं काम संपलं," असे त्या सहज म्हणतात. मोडका कुळव अडगळीत टाकावा तसे स्वतःच्या शरीराकडे पाहायला त्यांना कोणी शिकवले? आपणच, घरातल्यांनी.

चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारास हाडांतला चुना कमी होऊ लागतो. सगळे दूध डेअरीला न घालता घरात पेलाभर ठेवावे. तीळ आणि शेवग्याचा पाला खाण्यात असावा. तिशीनंतर रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासून घ्यावी, ही सोय आरोग्य उपकेंद्रात होते. मिश्रीबद्दलही बोलायला हवे. ती दातांसाठी म्हणून सुरू होते आणि भूक मारण्यासाठी चालू राहते. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर लगेच दाखवावे.

शेवटी घरातल्या आजीविषयी. दात पडले की ती चहात भाकरी कुस्करून खाते आणि डाळीचे पाणी तेवढे पिते. त्यात प्रथिने पुरत नाहीत, दंड-मांड्या वाळतात, तोल जातो. "काम होत नाही, तर खाऊ कशाला?" असे म्हणून ती ताट लवकर सारते. तिला घट्ट वरण, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचे बारीक कूट आणि चालत असेल तर अंडे द्यावे. मोरीतले शेवाळ घासून काढावे, धरायला भिंतीला एक दांडा बसवावा आणि रात्री तिच्या वाटेवर दिवा ठेवावा. या वयात खुब्याचे हाड मोडले की बहुतेक जणी पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत.