राउटरच्या मागचं बारीक भोक

मागच्या भागानंतर इनबॉक्समध्ये एकच सूर होता: "भाऊ, घरी फायबर घेतलं, पण नेट काऊन चालून नाही राह्यलं?" कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, सगळीकडून तेच. तर आज राउटर.

आधी माझा गाढवपणा ऐका. रिसोडला मोठ्या बाबांकडे गेलो होतो. चुलत भावाच्या भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि साइट नुसती गोल गोल फिरत होती. मी घरातला शहाणा! टाचणी घेतली, राउटरच्या मागच्या 'रीसेट' लिहिलेल्या भोकात घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. दिवे विझले, पुन्हा लागले, आणि होतं तेवढंही नेट गेलं.

मला वाटलं, मोबाइल बंद-चालू करतो तसंच हे. तसं नसतं ना! रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून चालू करणं. टाचणी म्हणजे राउटरला भरवलेलं सगळं पुसणं. आणि त्यात असतं पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड. फायबरची तार भिंतीतून आली तरी बऱ्याच कनेक्शनवर राउटरला आधी कंपनीच्या दारात ही ओळख सांगावी लागते, तेव्हाच आत घेतात. माझ्या टाचणीनं ती ओळखच पुसली. नेटवाल्याचा फोन बंद. भावानं गच्चीवर मोबाइलचं हॉटस्पॉट लावून रात्री साडेअकराला फॉर्म भरला. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी नेटवाला पोरगा आला, त्यानं ओळख परत भरली. राउटरजवळ उभं राहून स्पीड पाहिला तर पूर्ण! म्हणजे आदल्या दिवशीही बाहेरून नेट बहुतेक ठीकच येत होतं. अडलं होतं घरात. राउटर होता तूर-सोयाबीनच्या लोखंडी कोठीमागे, आणि भाऊ बसला होता दोन जाड भिंतींपलीकडे.

म्हणून पहिलं काम, सेटिंग नाही. राउटरशेजारी उभं राहा, मोबाइल डेटा बंद करा, स्पीड बघा. मग मागच्या खोलीत जाऊन बघा. जवळ चांगला, लांब खराब, तर दोष वायफायचा. आणि 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर काही करू नका, कंपनीला कळवा. तिथं तार तुटलीय, वाकलीय किंवा निघालीय. कुठल्याच सेटिंगनं तार जोडली जात नाही.

आता आत शिरू. वायफायला जोडलेलं असताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, सर्चमध्ये नाही, १९२.१६८.१.१ टाका, इंग्रजी आकड्यांत. नाही उघडलं तर फोनच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' लिहिलेला पत्ता असतो, तो टाका. युजरनेम-पासवर्ड बहुतेक वेळा खालच्या स्टिकरवर असतो. हा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा! हा आधी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड घालून बघत बघत.

'वॅन' नावाचं पान दिसेल. तिथं हात लावायचा नाही, फक्त फोटो काढायचा. पासवर्ड ठिपक्यांत लपलेला असतो, तो नेटवाल्याकडून वहीत लिहून घ्या.

खेळायचं ते 'डब्ल्यूलॅन' किंवा 'वायरलेस'मध्ये. तिथं दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी निघतो, पण हळू. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. दोघांना वेगळी नावं द्या, म्हणजे फोन कुठं चिकटलाय ते कळेल. (नावात '५जी' दिसलं तरी त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. आमच्या गल्लीत यावर पैज लागली होती.) शेजारीपाजारी खूप राउटर असतील तर २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळं वाटेल ते घ्या. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा ३, आणि डब्ल्यूपीएस बंद.

एक घोळ हमखास होतो. जुना राउटर मागच्या खोलीत जोडतात आणि अख्ख्या घराचं नेट बसतं. कारण दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, दोघंही फोनना पत्ते वाटत बसतात. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं 'डीएचसीपी' बंद करा, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नाही. 'एपी मोड' असेल तर तो लावला की झालं.

मोठ्या बाबांचा राउटर आता बैठकीत उंचावर खिळ्याला टांगलाय. कोठी जागेवरच आहे. आणि मागच्या त्या भोकावर मोठ्या आईनं टिकली चिकटवून टाकलीय, मी गेलो की आधी ती तपासते.

चला, भेटू पुढच्या भागात.