नऊचा शिफ्टर, अकराचा डिरेलर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं आणि मध्ये वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी आहे तसंच.)

आज सायकलबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर माझ्या एका चुकीबद्दल, पण ती समजायला तुम्हाला सायकलचे गिअर थोडे समजून घ्यावे लागतील. रोड बाइक चालवत असाल आणि पार्ट बदलायची वेळ आली असेल, तर थांबा, आधी हे ऐका आणि मग कार्टमध्ये टाका.

माझा आतेभाऊ कोल्हापूरला असतो. नोकरीला लागून वर्ष झालंय, पगार बेताचा. त्याने एक सेकंडहँड रोड बाइक घेतली. शिमानोचा सोरा ग्रुपसेट, मागे ९ चकत्या, पुढे ५०-३४. पोरगं वेडं झालं सायकलपायी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव दिलं, जी साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. आणि तीन आठवडे आधी सायकल उजव्या अंगावर पडली. मागचा डिरेलर, म्हणजे जो साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो, त्याचा पिंजराच वाकला.

त्याचा फोन आला. "दादा, कुठला घेऊ?"

आता मी इंजिनिअर. दिवसभर लोकांना सांगत असतो की अमुक लायब्ररी वापर, तमुक वापरू नको. दहा मिनिटं सर्च केलं आणि १०५ मालिकेतला आर-७००० डिरेलर चांगल्या डिस्काउंटमध्ये दिसला. सोरापेक्षा दोन पायऱ्या वरचा. मी एक गोष्ट तपासली. त्याच्या कॅसेटची मोठी चकती ३२ दातांची, हा डिरेलर लांब पिंजऱ्याचा, ३४ पर्यंत चालतो. मग एकूण क्षमता. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक १६, मागच्या ११ आणि ३२ मधला २१, बेरीज ३७. डिरेलरची क्षमता ३९. झालं! हिशेब बसला. मी म्हटलं, "घेऊन टाक. अपग्रेड होईल उलट."

त्याने तीन महिन्यांच्या बचतीतून तो घेतला. व्हिडिओ बघून स्वतः बसवला. आणि मग दोन रात्री फोन. "दादा, पहिले एक-दोन गिअर पडतात, मग मधेच लटकतंय. मोठ्या चकतीवर तर जाईनाच." मी म्हणालो केबल ताण. त्याने ताणली. मग वरचे गिअर लागले तर खालचे बिघडले. मी म्हणालो स्क्रू बघ. त्याने बघितले. शेवटी रात्री साडेअकराला म्हणतो, "माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक. मला जमंना झालंय."

हे वाक्य मला अजून टोचतं. कारण त्याचं काहीच चुकत नव्हतं. चूक माझी होती, आणि माझ्यावरच्या विश्वासापोटी तो स्वतःच्या हातांवर संशय घेत होता.

काय झालं होतं? शिफ्टरचा एक क्लिक केला की केबल ठरावीक लांबीची ओढली जाते. ती ओढ डिरेलर एका गुणोत्तराने आडव्या हालचालीत बदलतो. शिमानोच्या ९ स्पीड रोड शिफ्टरचा क्लिक ढोबळमानाने अडीच मिलिमीटर. जुन्या रोड डिरेलरचं गुणोत्तर सुमारे १.७. गुणा, सव्वाचारच्या आसपास येतं. आणि ९ स्पीड कॅसेटच्या दोन चकत्यांमधलं अंतर? जवळजवळ ४.३५. म्हणजे एक क्लिक, एक चकती.

११ स्पीडला शिमानोने हे गुणोत्तरच बदललं. तिथे ते सुमारे १.४ आहे, आणि त्यांचे शिफ्टर त्या बदल्यात केबल थोडी जास्त ओढतात. आता नऊचा शिफ्टर आणि अकराचा डिरेलर एकत्र करा. अडीच गुणिले १.४, साडेतीन. दर क्लिकला पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त कमी पडतं. तिसऱ्या क्लिकला साखळी दोन चकत्यांच्या मधोमध. आठ क्लिक संपेपर्यंत दीड चकतीचा तोटा. मोठी चकती कधीच लागणार नव्हती, ब्रह्मदेव आला असता तरी.

हे गणित मी दोन मिनिटांत केलं. पण पैसे गेल्यावर.

दुकानाने परत घ्यायला नकार दिला, बसवल्याच्या खुणा होत्या म्हणून. त्यांना दोष देता येत नाही. मी शुक्रवारी रात्रीची एसटी पकडून कोल्हापूर गाठलं. आत्याने पोहे दिले, भाऊ मात्र फार बोलला नाही. मग आम्ही अंगणात सायकल उलटी केली आणि या वेळी सुरुवात शिफ्टरपासून केली.

हे लक्षात ठेवा. ड्रॉप हँडलचा ब्रेक-शिफ्टर हा सगळ्यात महाग भाग. तो चालू असेल तर त्याला धक्का लावायचा नाही, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. लिव्हरवर मॉडेल नंबर कोरलेला असतो, आमच्यावर एसटी-आर३००० होता. सेकंडहँड सायकलला फ्रेमवरच्या स्टिकरवर जाऊ नका. आधीच्या मालकाने काय काय बदललंय कुणाला ठाऊक. मागच्या चकत्या मोजा, शिफ्टरचे क्लिक मोजा. ९ चकत्यांना ८ क्लिक यायला हवेत.

मग कुठला डिरेलर चालला असता? सोरा आर-३००० तर चालतोच. शिमानोचे ८ आणि ९ स्पीडचे रोड डिरेलर एकमेकांत चालतात, १० स्पीडचे जुने रोड डिरेलरही त्याच ओढीचे. शिमानोचा ९ स्पीड एमटीबी डिरेलरही चालतो. पण १० स्पीड एमटीबीचा नाही, त्याचं गुणोत्तर वेगळं. स्रॅमच्या डिरेलरची ओढ तर वेगळीच, तिकडे जाऊच नका.

आणि एक सापळा आहे, तो मला व्यावसायिक पातळीवर राग आणतो. टियाग्रा ४६०० आणि टियाग्रा ४७००. दोन्ही १० स्पीड, दोन्हींचं नाव टियाग्रा. पण ४७०० ला नवी ओढ आली, अकरा स्पीडसारखी. त्यामुळे ४६०० चा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर जुळत नाहीत. आमच्याकडे कुणी असं केलं, म्हणजे इंटरफेस मोडला आणि मेजर व्हर्जन तेच ठेवलं, तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी निघतील. "किती स्पीड" एवढा प्रश्न पुरत नाही, "कुठल्या पिढीचं" हेही विचारावं लागतं.

आम्ही सोराचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर मागवला. पैसे मी दिले. तो नको म्हणत होता, आत्या मध्ये पडली.

डिरेलर यायला दोन दिवस होते, तेवढ्यात मी साखळीवर स्केल ठेवला. हे तुम्ही आज घरी करू शकता. साखळीच्या दोन पिनांमधलं अंतर नेहमी अर्धा इंच, कितीही स्पीड असो. म्हणजे १२ इंचांच्या स्केलवर २४ कड्या तंतोतंत बसायला हव्यात. शेवटची पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल, तर साखळी साधारण अर्धा टक्का झिजली. ११-१२ स्पीडला तेव्हाच बदला, ८-९-१० ला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. आमची पिन आठव्या भागाच्याही पुढे. एक टक्क्याच्या वर! आधीच्या मालकाने बहुधा कधी बदललीच नव्हती.

इतकी झिजलेली साखळी कॅसेटचे दातही आपल्या मापाने घासून ठेवते. त्यावर नवी साखळी टाकली की जोर दिल्यावर ती दातांवरून उडी मारते. आणि जोर आपण कधी देतो? चढावर, पेडलवर उभं राहून. तेव्हा पेडल अचानक रिकामं फिरतं आणि माणूस पुढच्या नळीवर आदळतो. मी सिंहगडाच्या चढावर हे केलंय. गुडघ्याला चार टाके पडले, आणि मागून येणारा बाइकवाला वेळेत थांबला म्हणून आज बोलतोय.

म्हणून कॅसेटही बदलली. ९ स्पीडच, ११-३२. इथे फ्रीहब बघावा लागतो. शिमानोचा ८-९-१० चा फ्रीहब एकाच लांबीचा, ११ स्पीड रोडचा १.८५ मिलिमीटर लांब. लांब हबवर जुनी कॅसेट स्पेसर टाकून बसते, पण आखूड हबवर ११ ची साधी रोड कॅसेट बसत नाही. अगदी स्वस्त सायकलींना तर कॅसेटच नसते, आटे असलेलं फ्रीव्हील असतं. ते वेगळंच प्रकरण.

साखळी ९ स्पीडची घेतली. चकत्या वाढल्या की साखळी बाहेरून अरुंद होत जाते, ८ स्पीडची सात मिलिमीटरच्या वर, ११ ची साडेपाच, म्हणून आकडा बघूनच घ्या. कंपनी शिमानोच हवी असं नाही, आम्ही केएमसीची घेतली. चेनरिंगचे दात ठीक होते, ठेवले.

सोमवारी डिरेलर आला. बसवला. आणि गिअर तरीही नीट पडेनात.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. भाऊ म्हणाला, "दादा, चौकातल्या मामांकडं जाऊया का?" मामांनी सायकलला हात न लावता मागून नुसतं डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "हँगर वाकलाय की ओ. पडलीती का?" हँगर म्हणजे फ्रेमला स्क्रूने लावलेला छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, ज्यावर डिरेलर लटकतो. पडल्यावर फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नरम असतो. सायकल त्याच बाजूला पडलेली, पिंजरा वाकलेला, आणि मला हँगर सुचला नाही! मामांनी लांब दांड्याचं गेज लावून पाच मिनिटांत सरळ केला. हँगर मात्र प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तेव्हा आपल्याला बसणारा एक जास्तीचा घेऊन ठेवा.

साखळीची लांबीही त्यांनीच कापली. पुढची मोठी, मागची मोठी, डिरेलरमधून न घालता गुंडाळायची आणि दोन कड्या जास्त ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पन्हाळ्याला गेलो. शेवटच्या चढावर मी मागे, भाऊ पुढे. त्याने लिव्हर दाबली आणि साखळी खट्कन ३२ वर गेली. त्याने मागे वळून बघितलं, काही बोलला नाही, आणि मला सोडून निघून गेला. वर पोचलो तेव्हा त्याचा चहा संपला होता.

ब्रेव्हे त्याने बारा तास चाळीस मिनिटांत पूर्ण केली.

तो १०५ चा डिरेलर माझ्या टेबलावर पडलाय. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, स्वस्तात देतो. फक्त आधी तुमच्या शिफ्टरचा फोटो पाठवा.