वि. स. पागे : सभापतिपदाचे सार्थक



विधिमंडळातील कर्तृत्व आपण बहुधा मंत्रिपदाच्या मापाने मोजतो. वि. स. पागे या मापात बसत नाहीत. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीकडे खाते नसते, तिजोरी नसते; पक्षीय वादापासूनही त्याने अलिप्त राहावयाचे असते. तरीही ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनावर ठसा उमटविणारा रोजगार हमीचा कायदा याच आसनावरील व्यक्तीच्या चिंतनातून आकाराला आला.

त्यांच्यापुढील प्रश्न साधा होता. अंगात बळ आहे, कष्टाची तयारी आहे. पण सुगी सरली की हाताला काम नाही. अशा माणसाला समाजाने काय द्यावे? भिक्षा दिली तर त्याचा स्वाभिमान जातो आणि काहीच न दिले तर त्याची चूल विझते. म्हणून त्याला काम द्यावे, आणि तेही उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या विचाराचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९७२ मध्ये, योजना राज्यभर नेण्यात आली. पाठोपाठ भीषण दुष्काळ आला. खडी फोडणारे आणि बांध घालणारे लक्षावधी हात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. या विचाराची निकड तेव्हा निराळी पटवून देण्याची गरज उरली नाही.

पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या या रकमेत राज्याने तेवढीच भर घालावयाची, अशी व्यवस्था झाली. शहराने खेड्याचे ऋण फेडण्याचा तो मार्ग होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे त्याचे सूत्र होते.

या योजनेत खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी रखडली, अर्धवट कामे पावसात वाहून गेली. हे दोष झाकण्याचे कारण नाही. मात्र दोष अंमलबजावणीचा असेल, तर अंमलबजावणी सुधारावी. त्यासाठी मजुराचा हक्क काढून घेणे हा न्याय नव्हे. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशासमोर होता.

पागे १९९० मध्ये निवर्तले. अधिकार थोडा असूनही कार्य मोठे होऊ शकते, ही त्यांच्या कारकिर्दीची शिकवण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक लहानशी ओळ असते. ती वाचताना कपातीची कुरकूर करण्याआधी उन्हात राबणाऱ्या त्या हातांचे स्मरण करावे, एवढीच विनंती.